नवस फेडल्यावरचं दुखणं

"हृदयाच्या नळ्या साफ निघाल्या, तरी छातीत दुखतं म्हणणारी बाई नाटक करते का हो?"

थळच्या शाळेत आरोग्यावर बोलायला अलिबागहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना दिशाने उभं राहून खणखणीत विचारलं, तशी मागच्या बाकावर श्रद्धाने तोंडात रुमाल कोंबला. "विचारून दाखव, वडापाव माझ्याकडून!" अशी पैज तिनेच लावली होती. परवापरवापर्यंत हजेरीलाही पुटपुटणारी दिशा, वक्तृत्वात नंबर आल्यापासून कोणाला ऐकेना. पण प्रश्न पैजेपुरता नव्हता. ती बाई म्हणजे तिची आई, वेणूबाई.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाटक कसलं? अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात, त्यांचे बारीक फाटे नाही. ते नीट उघडले नाहीत, तर हृदयाला रक्त कमी पडतं. बायकांत जास्तच. त्याच्या तपासण्या वेगळ्या, औषधंही आहेत."

"म्हणजे टाकी भरलेली, पण आमच्या आळीतल्या नळाला धार नाही!"

"अगदी तसंच! कोणाला दुखतंय गं?"

"आईला. मासळीची पाटी उचलली की."

"मग लवकर घेऊन ये तिला."

दिशा पळतच घरी आली. आई दोरीवरचे सुके बोंबील काढत होती, एक हात छातीशी. तिचे बाबा तुकाराम जाळं शिवत बसले होते.

"आई, अजून दुखतं ना?"

"हळू बोल!" वेणूबाईने देव्हाऱ्याकडे पाहिलं. "रिपोट चांगला आला म्हणून एकवीरेचा नवस फेडला, भावकी जेवली. आता दुखतंय म्हटलं तर देवी खोटी पडंल न्हाय का?"

"रिपोट साफ हाय," बाबा म्हणाले. "सगल्या कोळीवाड्याला दावलाय मी."

"बाबा, नवस नेमका काय बोललात?"

"नळ्या साफ निघू दे म्हणून."

"मग निघाल्या की! देवीने तिचं काम चोख केलं. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, नळ्यांचे बारीक फाटे त्या रिपोर्टात दिसतच नाहीत. त्यांचं तिला सांगितलंच कुठे तुम्ही?"

बाबांची सुई जाळ्यातच थांबली.

"कार्टी!" म्हणत आई हसली आणि हसता हसता खाली बसली. "रोज दुखतं गो. आता पायरी चढली तरी."

बाबांनी जाळं बाजूला सारलं.

"ठरलं माझं," दिशा म्हणाली. "उद्या शाळा नाही. पहिल्या एसटीने मी आईला अलिबागला नेणार. पाटी तुम्ही उचलायची, बाबा. आणि आई, तू डॉक्टरांपुढे 'न्हाय दुखत' म्हणालीस, तर सगळं मी बोलणार!"