मनगटावरची गाठ

"आधी पाय थांबव, मग गोळी सोड. पळता पळता मारशील तर भिंतीलाच लागेल."

प्रशांतदादाचं हे सांगणं भूमिकाच्या कानात अजून ताजं होतं. हा चुलतभाऊ नोकरीसाठी इंदूरला गेला, तेव्हा आपला कॉम्प्युटर आणि ही शिकवण तिच्यापाशी ठेवून गेला. धावण्याची कळ सोडायची, उलट्या दिशेची नुसती टिचकावायची, की पडद्यावरचा शिपाई जागीच थांबतो. नेम तेव्हाच धरायचा. थांबणं तिच्या बोटांत मुरलं होतं. नेम मात्र अलीकडे रोज चुकत होता.

"भूमी, तो नवरदेवासारखा समोर उभा होता यार," हेडफोनमधून संघाचा कप्तान जीवन म्हणाला. "तरी तू भिंतच मारली. तिने तेरा क्या बिगाडा?"

गायत्री खुदकन हसली. ती राखीव खेळाडू.

भूमिकाने माऊसचा वेग कमी केला, खुर्ची उंच केली. फरक नाही. शेवटी जीवनने तिच्या हाताचा व्हिडिओ मागवला.

"मनगटावरचा धागा अटकतोय तुझा," तो म्हणाला. "हात झटक्यात फिरवला की गाठ माऊसपॅडच्या कापडात रुतते. काट डाल."

"नाही कापता येत."

"मग उद्या गायत्री खेळंल. बुरा मत मान. हा सामना गेला तर भोपाळची अंतिम फेरी गेली."

भूमिकाने गाठीवर चिकटपट्टी लावली, ती आणखी ओढायला लागली. लांब बाहीचं घातलं, तर बाहीच अडकली.

धागा इच्छापुरच्या देवीचा. तो बांधताना आईने, सुनंदाबाईंनी, नवस बोलला होता: पोरीला भोपाळपर्यंत ने, ती अनवाणी येऊन धागा तुझ्या पायाशी सोडेल, तोवर माझ्या पायात चप्पल नाही. "सोडशील ना?" आईने तिथंच विचारलं होतं, आणि भूमिका देवीसमोर "हो" म्हणाली होती.

दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा ठेवून आई आत आली.

"काय व, हात का चोळते?"

भूमिकाने सगळं सांगितलं. आईला ते ठो-ठो कधी कळलं नव्हतं, पण गाठ कळली. तिने देव्हाऱ्यातल्या दिव्याची वात सारखी केली.

"काप मग. देवी बी आईच आहे."

"आणि तुझी चप्पल?"

"माझं राहू दे. बोलले ते बोलले."

आई वळली तेव्हा तिच्या टाचांच्या भेगा दिसल्या. तापलेल्या गच्चीवर पापड घालून घालून त्या लाल झाल्या होत्या. धागा घरात कापला, तर तो देवीच्या पायाशी सुटणारच नव्हता, आणि आई जन्मभर अशीच चालली असती.

मागणं पुरं होण्याआधी नवस फेडला, तर देवी त्या मागण्यातून मोकळी होते, असं घरात मानत. उद्या हरलो तर देवीकडे बोट दाखवायलाही जागा उरणार नाही, हे भूमिकाला कळत होतं. तरी तिने जीवनला लिहिलं, "उद्या संध्याकाळी मीच खेळणार. गाठ नसेल."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती उठली. पाय सुजले तरी चालतील, खेळायला बोटं पुरतात. कोनाड्यातल्या आईच्या चपलांवरची धूळ तिने जुन्या फडक्याने पुसली आणि त्या उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या. स्वतःच्या तिथंच राहू दिल्या. मग कडी न वाजवता दार ओढून घेतलं आणि अनवाणी इच्छापुरच्या वाटेला लागली.