जुनी कपची

"नळ टिपकतोय," सासूबाई माझ्या मानेत पुटपुटल्या. "घर वाहून गेलं तरी हिला ऐकू यायचं नाही."

मी चपात्या लाटत होते. उठले, मोरीतला नळ आवळून आले. सासूबाईही आल्या. त्यांना यावंच लागतं, कारण त्या माझ्या पाठीला चिकटवलेल्या आहेत.

आमच्या घरात काही वाया जात नाही. साबण झिजून कागदाएवढा उरला, की ती कपची ओली करायची आणि नव्या साबणावर दाबून बसवायची. माणसांचंही आम्ही तसंच करतो. म्हणजे बायकांचं. पुरुष झिजत नाहीत, एकदम जातात. मी ह्या घरात नवी होते तेव्हा सासूबाई घासून घासून पापडासारख्या झाल्या होत्या. मला मोरीत पालथं झोपवलं, त्यांना माझ्यावर ठेवलं आणि मामंजींनी वरवंट्याचे ठोके घातले. माझी एक बरगडी मोडून बाहेर आली. ती धुऊन ठेवली. मोरीचं तोंड तुंबलं की तीच घालतो. तारेपेक्षा बरी, गंजत नाही.

तसा तोटा काही नाही. एस.टी.त दोघींना एक तिकीट लागतं. ब्लाऊज जरा ढगळ शिवला की एकात भागतं. डाळ करपायला लागली की वास माझ्याआधी त्यांना येतो, आणि थंडीत माझी पाठ गार पडत नाही. त्यांच्या हनुवटीचं हाड तेवढं माझ्या मणक्यात रुततं. तेव्हापासून मी पाठीवर झोपलेले नाही.

सासूबाईंच्या पाठीवरही कुणीतरी आहे. आता नुसता पापुद्रा उरलाय, कांद्याच्या सालीसारखा. तो बोलत नाही. पावसाळ्यात जरा ओलसर होतो आणि शिकेकाईचा वास येतो.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे कुणी बोलत नाही. वन्सं लहान असताना फुटका कप हातात घेऊन उभ्या होत्या. फुटक्या कपाचं बाकीच्या घरांत काय करतात, ते त्या पटकन बोलून गेल्या. मामंजींनी तोच वरवंटा त्यांच्या तोंडावर मारला. पुढचे सगळे दात पडले. आमच्या निनादच्या बारशाच्या झबल्याला ते दात बटणं म्हणून लावले होते. पुढे झबल्याचं फडकं झालं, फडक्याचं पोतेरं झालं. बटणं काढून डबीत ठेवलीत. वन्सं त्या दिवसापासून तो शब्द बोलल्या नाहीत, आणि आम्हीही नाही. आम्ही म्हणतो, "असू दे, लागेल." मामंजी गेले. वरवंटा आहे.

निनादचं लग्न झालं आणि केतकी घरात आली. दुपारी ती गार फरशीवर झोपते, सरळ पाठीवर, हात पसरून, तोंड उघडं टाकून. मी हातातलं काम ठेवून दारात उभी राहते आणि बघते.

"केवढी जागा अडवते," सासूबाई म्हणतात. पण त्याही बघतात. त्यांची मान वळलेली मला पाठीत कळते.

मग हे एका सकाळी मला खिडकीशी घेऊन गेले आणि उजेडात आडवं धरून बघितलं.

"पलीकडची माझी बोटं दिसतायत," हे म्हणाले. "झाली की."

"कमरेत जाड आहे अजून," निनाद म्हणाला. "नीट बसायची नाही, बाबा."

तेव्हा दोघांनी मिळून मला धुण्याच्या दगडावर घासलं. एकानं पाय धरले, एकानं खांदे. कमरेला वेळ लागला. उजवा कान लवकर गेला, तो मुळात लहान होता. माझा फेस निघाला, तो ह्यांनी बादलीत धरला आणि त्यात चादरी भिजवल्या. फेस तांबूस होता, चादरींना रंग बसला.

"बरा दिसतो," हे म्हणाले. "मळ दिसायचा नाही."

"चादरी उन्हात घालू नका, विटतील," सासूबाई म्हणाल्या. घासताना त्यांनाही लागलं होतं, पण त्या चादरींचंच बोलल्या.

रविवारी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर, मोरी ओली असतानाच चिकटवायचं ठरलं. वन्सं सकाळीच आल्या. अशा वेळी पाणी नणंदेनं शिंपडायचं असतं, तो तिचा मान. त्या तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

केतकी केस पुसत बाहेर आली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"आई, मी नवे साबण आणलेत की," ती म्हणाली. "तिनावर एक फुकट होता."

"हुशार आहे पोरगी," हे म्हणाले. "माळ्यावर ठेव. लागतील."

"मला पाठीवर झोपायची सवय आहे."

नळ टिपकत होता.

"होईल हवय," वन्सं म्हणाल्या. दात नसल्यामुळे त्यांचा 'स' निघत नाही.

केतकी दाराकडे पळाली. निनादनं तिची ओली वेणी पकडली आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. चौकटीची ढलपी उडाली. केतकीनं त्याचा अंगठा दातांत धरला आणि तोडून थुंकला. निनादनं वाकून अंगठा उचलला, नळाखाली धरला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. ढलपीही ठेवली.

"असू दे," हे त्याला म्हणाले. "लागेल."

मग तिला मोरीत पालथं केलं. निनाद तिच्या पायांवर बसला. वन्संनी पाणी शिंपडलं. ह्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, सासूबाईंसकट आणि त्या पापुद्र्यासकट, आणि तिच्या पाठीवर ठेवलं.

तिची पाठ गरम होती आणि रुंद होती. दोन खांद्यांच्या मधोमध एक तीळ होता. तो माझ्या छातीखाली आला. माझं तोंड तिच्या कानाशी होतं. चौकटीचं रक्त त्या कानात उतरलं होतं.

"श्वास सोडून ठेव," मी तिला सांगितलं. "म्हणजे बरगडी वाचते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही उठा ना, आई."

"मला आता स्वतःहून उठता येत नाही गं."

पहिला ठोका पडला. माझ्या अंगातून तो तिच्यात गेला आणि तिच्यातून फरशीत. कुठेतरी एक फरशी तडकली. केतकीच्या नाकातून रक्त आलं आणि पाण्यात लांबच लांब पसरलं. तिनं श्वास सोडला नव्हता. तिची बरगडी मोडल्याचं मला माझ्या पोटाला कळलं.

मग सगळ्यात वरचा पापुद्रा सुटला.

तो सासूबाईंच्या पाठीवरून घसरून पाण्यावर आला, रक्ताच्या रेषेभोवती एकदा गोल फिरला आणि मोरीच्या तोंडातून खाली गेला. शिकेकाईचा वास आला आणि गेला.

आमच्या घरातून पहिल्यांदाच काहीतरी गेलं होतं. हे वरवंटा खाली ठेवून धावले. कोनाड्यातली माझी बरगडी घेऊन त्यांनी मोरीच्या तोंडात खुपसली, कोपरापर्यंत हात घातला, ढवळलं. गुळगुळ आवाज आला. बरगडीला एक पांढरा केस लागून वर आला. ह्यांनी तो बोटाला गुंडाळला आणि उजेडात धरून बघितला.

"कोण होत्या त्या?" केतकीनं खालून विचारलं. तिच्या तोंडात पाणी जात होतं.

ह्यांनी वन्संकडे बघितलं. वन्संनी तांब्यात बघितलं.

"नाव काय होतं त्यांचं?"

"घरातल्याच होत्या," हे म्हणाले.

माझ्या पाठीवर सासूबाई हलल्या. इतक्या वर्षांत त्या कधी अशा हलल्या नव्हत्या. त्यांची पाठ उघडी पडली होती, आणि तिच्यावर मोरीतला वारा लागत असावा, कारण त्या काकडत होत्या. त्यांची हनुवटी माझ्या मणक्यातून सुटली. तिथे खड्डा पडलाय, तो मला पहिल्यांदाच कळला.

ह्यांनी केस खिशात ठेवला, हात पुसला आणि वरवंटा पुन्हा उचलला. त्याचं पाणी माझ्या उरलेल्या कानात ठिबकलं.

सासूबाई माझ्या मानेत काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतेय आई?" ह्यांनी विचारलं.

"नळाचं असेल," निनाद म्हणाला. "मारा, बाबा. पाणी सुकतंय."

ते नळाचं नव्हतं. मी ऐकलं होतं. त्या मानेत पुटपुटतात ते सगळं मीच आधी ऐकते, आणि सांगण्यासारखं असेल तेवढंच पुढे सांगते.

"मोठ्यानं म्हणा," मी त्यांना म्हटलं. "ह्यांना कमी ऐकू येतं."

वरवंटा वर गेला होता. सासूबाईंनी माझे खांदे धरून मान उचलली.

"दिगू," त्या म्हणाल्या, "मला टाकून दे."

वन्संनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तांब्या पडून घरंगळत गेला. तो शब्द बोलणाऱ्याला आमच्या घरात एकच शिक्षा आहे, आणि ती ह्यांच्या हातातच होती. माझ्याखाली केतकीनं, मी सांगितलं होतं तसा, श्वास सोडून ठेवला.