एचआयव्हीचं वेगळं दार

तुमची लेक काय करते, असं कुणी विचारलं की मी आवाज चढवूनच सांगते, "एचआयव्हीवर संशोधन करते. लोकांना तो होऊ नये म्हणून." समोरचा चपापतो. चपापू दे! ट्रकतळांवर, तुरुंगांत, बाळंतिणींच्या वॉर्डांत माणसांशी बोलून बोलून पोरीचे केस पिकले, ते काय लपवायचं?

आमच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीला वेगळं दार होतं. गुपित राहावं म्हणून कुणा शहाण्यानं केलेलं, आणि उघडायचं नेमकं भर अंगणात! आत जाणारा सगळ्यांच्या नजरेत भरायचा. लोक दारापर्यंत येऊन माघारी फिरायचे आणि आजार अंगावर काढायचे. लेकीचं म्हणणं सरळ होतं: दार बंद करा, साखर तपासता त्याच खिडकीवर हेही तपासा. तिनं अहवालांवर अहवाल दिले, पण खात्याचे मोठे साहेब ढिम्म.

शेवटी ते स्वतः पाहणीला आले. मी रक्तदाब दाखवायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. साहेब म्हणाले, "मॅडम, दारानं काय बिघडतंय? ज्याला गरज आहे तो जाईल की."

"मग सर, तुम्हीच एकदा जाऊन या ना," लेक म्हणाली. "एकटेच. आम्ही इथे थांबतो."

साहेब तरातरा निघाले. अंगणात लसीची रांग होती. माना वळल्या. एक बाई शेजारणीच्या कानाला लागली. साहेबांची पावलं मंदावली, हात कडीपर्यंत गेला आणि खाली आला. तसेच परत फिरले, कपाळावर घाम.

"आमचे व्याही आहेत हो रांगेत," ते पुटपुटले.

तिच्या जागी मी असते तर चांगली खरडपट्टी काढली असती. लेक हसलीसुद्धा नाही. "प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच रांगेत, सर," एवढंच म्हणाली.

थोड्याच दिवसांत गवंडी आला, दार बुजवलं. मग तोच हुकूम सगळ्या दवाखान्यांना गेला. माझ्या लेकीमुळे!

परवा मी आमच्या दवाखान्यात त्या एकाच खिडकीच्या रांगेत बसले होते. लेक शेजारी येऊन टेकली. "आई, यातलं एचआयव्हीच्या तपासणीला कोण आलंय, सांग बघू."

म्हाताऱ्यांपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांवरून मी नजर फिरवली. पुन्हा फिरवली.

"नाही गं बाई ओळखता येत," मी म्हणाले.

तिनं माझा हात घट्ट धरला. इतकी वर्षं पोरीनं हेच तर मागितलं होतं.