वरच्या खोऱ्याचा आकडा

भिंतीवरच्या नकाशात, वरच्या खोऱ्यात टोचलेली टाचणी एकटीच होती, आणि तीही पावसाच्या मोजणीची — आभाळातून काय पडतं तेवढं सांगणारी. जमिनीतून काय उपसलं जातं त्याची तिला गंधवार्ता नाही. खाली शहराभोवती टाचण्यांची नुसती दाटी. जिथे मीटर तिथे टाचणी. वर माणसं आहेत, विहिरी आहेत, पंप आहेत, फक्त मीटर नाहीत, म्हणून राज्याच्या पाणीवापराच्या तक्त्यात वरच्या खोऱ्यापुढचा रकाना दरवर्षी रिकामा जायचा... आणि बेरीज करताना यंत्र रिकाम्याला शून्यच समजतं. यंत्राला काय बोल लावायचा.

यंदा तक्ता भरायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिनं तिथे आकडा घातला होता. पंपांची वीज, आकाशातून टिपलेली हिरवी शेतं, माणशी लागणारं पाणी — सगळं एकमेकांशी ताडून काढलेला आकडा, आणि शेजारी कंसात 'अंदाज'. तेव्हापासून कचेरीत ती अंदाजबाई. चहाच्या वेळीही, अंदाजबाई, साखर मोजून की आपली अंदाजानं? सगळे हसले, तीही हसली. याहून वाईट नावं तिला घरात पडली होती.

साहेबांना मात्र आज हसू येत नव्हतं. तक्ता संध्याकाळी वरच्या कचेरीत जायचा होता. शून्य राहिलं तर खोऱ्यात पाणी शिल्लक दिसतं, शिल्लक दिसलं की मोठा नळ टाकून ते शहराकडे ओढता येतं. नळाचा आराखडा तयारच होता. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, चूक किती असू शकते यात. तिनं खरं ते सांगितलं — पाव हिस्सा इकडे, पाव हिस्सा तिकडे. मग काढून टाका, ते म्हणाले, चुकीच्या आकड्यापेक्षा...

पेक्षा काय? आणि तिला नेमकी आत्या आठवावी. लहानपणी कुठं निघालो की बाबा गाडीपाशी उभं राहून म्हणायचे, पाच जण, बसू आरामात. होतो सहा. बाबांच्या मनात वाईट काही नसायचं, आत्याला मोजायचं असतं हेच त्यांना सुचलेलं नव्हतं. ती आपली कडेला अंग चोरून बसायची, तिच्या मांडीवर मी, माझ्या मांडीवर डबे... एकदा ती बसलीच नाही. हातात पिशवी घेऊन पायरीवर उभी, आवाज अगदी रोजचा.

"दादा, सहा म्हण. मग बसते."

बाबा किल्ली वाजवत राहिले. शेवटी म्हणाले सहा, पण रस्त्याकडे बघून.

"साहेब," ती म्हणाली, "शून्य हासुद्धा अंदाजच आहे. त्याच्यापुढे तसं लिहीत नाही आपण, एवढंच."

साहेबांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, तुमच्या सहीनं जाईल. वरचे खोडतील, आणि जाब तुम्हालाच विचारतील.

"विचारू देत की."

जागेवर येऊन तिनं तक्त्याखाली सही केली. आकडा चुकलाच असेल कुठेतरी — चोरून जोडलेले पंप सुटले असतील, आटलेल्या विहिरी धरल्या गेल्या असतील... हीच भीती पोटात घेऊन ती इतके दिवस वावरत होती. आता चाचपून पाहिलं तर भीती जागेवर नव्हती. चुकू दे. चूक काढायची म्हणजे कुणाला तरी चढण चढून तिथवर जावं लागेल, विहिरीत डोकावावं लागेल, पंपापाशी उभ्या बाईला विचारावं लागेल, किती उपसता हो... शून्य खोडायला आजवर कोण गेलं होतं? बरोबर ठरण्याची तिला आता तितकी घाई नव्हती. या म्हणावं, काढा चूक.