उत्पलाचे चार दिवस

सपनाने दाढीचं ब्लेड मधोमध मोडलं आणि नव्या निकरच्या कमरेतलं इलॅस्टिक सोडवायला घेतलं. एकेक टाका उसवून, दोऱ्याचा तुकडाही मागे राहणार नाही असं. उसवून झालं की ती शिवणीवरून आधी बोट फिरवायची, मग तीच जागा ओठांना लावून बघायची. बोटाला न कळलेलं ओठांना कळतं, हे गेल्या सात महिन्यांत ती शिकली होती.

कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत उत्पला उकिडवी बसली होती. बारा वर्षांची पोर. अंगात बापाचा जुना सुती सदरा, उलटा घातलेला, कारण शिवण आतून लागायला नको. फरशीवर रक्ताचे चार-पाच थेंब होते आणि त्यातला एक तिच्या टाचेने लांबवर फासला गेला होता.

"झालं बघ," सपना म्हणाली. "आजीच्या लुगड्याचं मऊ फडकं आत लावलंय. हात लावून बघ."

उत्पलाने हात लावला नाही. ती फडक्याकडे बघत राहिली.

"टोचतं."

"अजून घातलं कुठंय?"

"टोचतं."

सपनाने तिला उभं केलं. निकर गुडघ्यांपर्यंत गेली तोवर पोर श्वास धरून होती. त्याच्या वर कापड लागलं मात्र, तिने असा आवाज काढला की बाहेरच्या ओट्यावर कुणीतरी थांबल्याचं सपनाला जाणवलं. उत्पलाने निकर ओरबाडून काढली, फेकली आणि स्वतःचंच मनगट दातात धरलं. तिथे जुने वण होते, त्यांवरच. खाटेवर पडलेल्या द्रौपदाबाईंनी, सपनाच्या सासूबाईंनी, भिंतीकडे तोंड वळवलं.

सपनाने निकर उचलली. इलॅस्टिक नाही, लेबल नाही, टोचणारी शिवण नाही. आता तिच्यातून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दीपनगरच्या वीज प्लँटच्या कॉलनीबाहेर भाड्याच्या दोन खोल्यांत ही चार माणसं राहत होती. सपना आशा वर्कर होती. महिन्यातून एकदा ती अंगणवाडीत वयात आलेल्या पोरींना गोल करून बसवायची आणि पॅड कसं लावायचं, दिवसातून किती वेळा बदलायचं, हे एका पॅडवर निळी शाई ओतून दाखवायची. पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. घरी तिच्याच पोरीला त्या पॅडच्या प्लास्टिकचा नुसता चुरचुर आवाज आला तरी ती कानांवर हात मारून घ्यायची.

उत्पलाला लहानपणापासूनच असं होतं. कपड्याचं लेबल, बांगडीचा काठ, कुकरची शिट्टी, ओल्या केसांचा मानेला होणारा स्पर्श. तपासणाऱ्या डॉक्टरांनी या त्रासाचं एक नाव सांगितलं होतं आणि म्हणाले होते, सवय लावा हळूहळू. कुटुंबाने उलट स्वतःलाच सवय लावून घेतली होती. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीला वस्ती निळी व्हायची, डीजे यायचा, तेव्हा चौघं दार-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसायची. असं करून बारा वर्षं निभावली होती. ऑक्टोबरात पाळी आली आणि निभावणं संपलं.

सपनाने सगळं करून पाहिलं. चार तऱ्हेचे पॅड, पोस्टाने मागवलेल्या खास निकर, सुती फडकी, बाळाचे लंगोट. गल्लीतल्या सकीनाभाभींनी मशीन न वापरता हाताने शिवून दिलेल्या घड्या. फडकी धुऊन बाहेर वाळत घातली तर प्लँटची राख बसायची, डोळ्याला न दिसणारी, पण उत्पलाला ती कळायची. मग सपना फडकी घरात, पंख्याखाली वाळवू लागली. तरी तेच. टोचतं.

उत्पला भुसावळच्या विशेष मुलांच्या शाळेत जात होती. डिसेंबरात तिथल्या बाईंनी सपनाला बाजूला घेतलं. वर्गात मोठी मुलं आहेत म्हणाल्या, त्या दिवसांत घरीच ठेवा. मग फेब्रुवारीत उत्पलाने शाळेच्या गाडीत सगळ्यांसमोर कपडे ओढून काढले आणि बाई म्हणाल्या, तूर्त पाठवूच नका.

प्रशील, उत्पलाचा बाप, प्लँटमध्ये कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ठेकेदाराकडे कामाला होता. ओरडणारा नव्हता, पिणारा नव्हता. पण ते दिवस आले की तो डबल ड्यूटी घ्यायचा. घरातून आवाज सुरू झाला की चपला पायात सरकवायच्या आणि निघायचं. रात्री उशिरा परत यायचा तेव्हा उत्पला निजलेली असायची आणि असे तीन-चार दिवस उलटायचे.

मार्चमध्ये पहिल्यांदा द्रौपदाबाईच बोलल्या. त्या साक्रीकडच्या, बोली अजून तिकडचीच.

"पिशवी काढी टाका पोरनी. मनी काढी व्हती तिसाव्या वरीसले. काय व्हयनं माले?"

बोलताना त्यांचा हात कमरेवर होता, जो गेली पंचवीस वर्षं तिथेच असायचा. सपनाने ते पाहिलं आणि तरी त्यांचं बोलणं मनात राहिलं.

हे सरकारी दवाखान्यात होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आपल्याच गावातल्या बायांना ती समजावत आली होती, उगाच गर्भाची पिशवी काढू नका म्हणून. जळगावला एक खासगी डॉक्टर करतो, असं कुणीतरी सांगितलं. ती एकटीच जाऊन भेटून आली. डॉक्टरांनी फार विचारलं नाही. कागदावर कारण म्हणून गाठ लिहू म्हणाले. आईबाप दोघांची सही लागेल.

"तुला काय वाटतं ते कर," प्रशील म्हणाला होता.

"मला झोपायचंय," सपना म्हणाली होती.

एप्रिलच्या अखेरीस ती तिघं जळगावला गेली. सकाळी दहालाच ऊन अंगाला चटका देत होतं. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर कूलर होता. त्याचा एकसारखा आवाज उत्पलाला आवडला असावा, ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि पत्र्याला पाठ टेकून डोलू लागली. सपनाने आपली सही केली.

कोकिळा सिस्टर पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी गाऊन आणला. नाडीचा गाऊन, धुऊन धुऊन कडक झालेला. उत्पलाच्या खांद्याला तो लागला आणि पुढची दहा मिनिटं खोलीत जे झालं त्यानंतर सिस्टरांनी गाऊन घडी करून बाजूला ठेवला.

"राहू द्या. भूल दिल्यावर घालू." मग त्यांनी घाम पुसला. "पण नंतरचं कसं? पोटाला टाके असतील, त्याच्यावर पट्टी. सलाईन. लघवीची नळी."

"ती काढून टाकेल," सपना म्हणाली.

"हो ना. काळजी नका करू. हात बांधून ठेवू पलंगाला. अशा पेशंटला बांधावंच लागतं."

सपनाने मान हलवली. हे तिला नवं नव्हतं. कितीतरी रात्री तिने मनात ते पाहून ठेवलं होतं आणि त्यापलीकडे ती गेली होती. आठ-दहा दिवस. त्यानंतर पुढची चाळीस वर्षं मोकळी.

प्रशील खिडकीजवळच्या स्टुलावर बसला होता. मांडीवर कागद, हातात पेन.

"कशाने बांधता?" त्याने विचारलं.

सिस्टरांनी खणातून पट्टीचा गुंडाळा काढून दाखवला. प्रशीलने तो मागून घेतला. पेन कानावर ठेवलं, पट्टी आपल्या डाव्या मनगटाला दोन फेरे देऊन गुंडाळली, एक टोक दातात धरून आवळली. मग तो तसाच बसून राहिला. कोळशाने काळवंडलेला तो हात त्याने थोडा फिरवला. पट्टी कातडीवर घासली.

"मला काहीच लागत नाही," तो म्हणाला.

"मऊच असते," सिस्टर म्हणाल्या.

तो उत्पलाकडे बघत होता. ती कूलरच्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणत होती.

"सिस्टर, हे दहाच दिवस आहे, हे तिला नाही समजणार."

प्रशीलने पट्टी सोडली, नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली. पेनला टोपण लावलं. मग खाली बसून उत्पलाच्या चपला तिच्यासमोर ठेवल्या, जोडीने, तिला आवडतात तशा.

"बसा," सपना म्हणाली. "कुठे निघालात? सही करा."

"नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"आणि माझ्याच्यानं व्हतंय?" तिचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरची बाई दारातून डोकावली. "सात महिने झाले. कुठे होतात तुम्ही? आज आलात आणि आज तुम्हाला दया आली?"

प्रशील पोरीला घेऊन जिना उतरला. सपना कागद हातात धरून तिथेच बसली. कागदावर तिची सही होती आणि शेजारची जागा कोरी होती. सिस्टरांनी तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

भुसावळपर्यंत एसटीत ती त्या दोघांपासून चार सीट पुढे बसली. घरी आल्यावर द्रौपदाबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?" आणि दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. संध्याकाळी कणीक मळताना, परातीतून मान वर न करता सपना म्हणाली,

"पुढच्या महिन्यात मी थांबणार नाही घरात. आधीच सांगते."

"बरं," प्रशील म्हणाला.

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. त्यामुळेच तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, अंथरूण काढताना सपनाला डाग दिसला. तिने चादर बादलीत टाकली, पिशवी खांद्याला लावली. प्रशील डबा भरून ड्यूटीला निघायच्या बेतात होता.

"आलीये," ती म्हणाली आणि त्याच्या आधी घराबाहेर पडली.

उष्माघाताचा सर्व्हे चालू होता. घरोघरी ओआरएसची पाकिटं द्यायची, म्हाताऱ्या माणसांची नावं लिहायची. ती गल्लीमागून गल्ली करत गेली. एका घरात पंधरा वर्षांची पोर पोट दाबून निजली होती आणि तिच्या आईने सपनाला चहा देऊन विचारलं, "सपनाताई, तुमच्या पोरीचं कसं चाललंय?" चांगलं चाललंय, सपना म्हणाली. मोबाईल तिने हातातच ठेवला होता. तो वाजला नाही. वाजला नाही म्हणून बारानंतर तिला काहीतरी भलतंच डोळ्यांसमोर दिसू लागलं. पोरीला कोंडलं असेल. मारलं असेल. बांधलं असेल. तरीही ती लगेच परतली नाही. यादी संपवली आणि मगच परतली.

दोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घरातून आवाज येत नव्हता. दारात प्रशीलच्या चपला होत्या, डबा ओट्यावर तसाच, न उघडलेला.

द्रौपदाबाई खाटेवर बसून होत्या. त्यांनी न्हाणीकडे बोट केलं.

"सकायपशी पानीमा बठेल शे."

न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याला पाठ लावून, बाहेर तोंड करून, प्रशील उंबऱ्यावर बसला होता. बाजूला पाण्याचा ड्रम. तो तांब्या भरायचा आणि मागे न बघता हात लांब करून आत फरशीवर ठेवायचा. आतून तांब्या उचलला जायचा, पाणी सावकाश ओतल्याचा आवाज यायचा, मग रिकामा तांब्या परत उंबऱ्याशी टेकायचा. तो पुन्हा भरायचा. त्याचा सदरा पाठीशी ओला होता. आत उत्पला गुणगुणत होती, एकाच सुरात, न थांबता.

सपना उभी राहिली.

"काही घातलं नाही तिला?"

"नको म्हणाली."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"हो."

"किती वेळ झाला?"

"तू गेलीस तेव्हापासून. सदरा अंगावर आहे. पाणी अंगावर पडतंय तोवर काही नाही. थांबलं की सुरू."

सपनाने ड्रममध्ये वाकून पाहिलं. तळ दिसत होता.

"नळ परवा येणार," ती म्हणाली. "आज पहिला दिवस. उद्या काय? थंडीत काय करायचं? बाहेर कधी जायचं तिनं? आपण मेल्यावर तांब्या कोण भरून देईल?"

"माहीत नाही मला."

"ड्यूटी?"

"ठेकेदाराचा फोन आला होता. दुसरा माणूस लावला म्हणाला."

हे त्याने कसल्याही सुरात सांगितलं नाही. आतून हात बाहेर आला आणि तांब्या टेकवून गेला. हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, म्हाताऱ्या बाईची असावीत तशी. त्या मनगटावरचे दातांचे वण सपनाने पाहिले. सगळे जुने होते. आजचा एकही नव्हता.

तिला पुष्कळ बोलायचं होतं. हा इलाज नाही, हे दोघांनाही कळत होतं. तिने खांद्यावरची पिशवी काढली, तिथेच फरशीवर टाकली. अंथरूण आणायला आत जावं इतकंही अंगात नव्हतं. प्रशीलपासून हातभर अंतरावर ती आडवी झाली, पिशवी उशाला घेतली. फरशी गरम होती. पिशवीतली उरलेली पाकिटं कानाखाली चुरचुरली.

"पाणी संपलं की उठवा," ती म्हणाली.

प्रशीलने ड्रम हळूच, आवाज होणार नाही असा, कलता केला आणि तांब्या त्याच्या काठाशी धरला.