किल्ली माझ्याकडे

जहाज बंदरातून सुटल्यापासून आमच्या ह्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो तर लेक म्हणाली, "आई, इथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. बाबांचं ऑपरेशन होऊन अजून वर्ष नाही झालं. आज संध्याकाळपर्यंत झोपले नाहीत, तर उद्याच्या बंदरात उतरायचं आणि विमानाने थेट घरी."

घरी! सकाळी जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाकाठची खुर्ची टॉवेल टाकून कशी अडवायची, ते मी नुकतंच शिकले होते. दुपारी जादूचे प्रयोग, संध्याकाळी गाणी, आणि जेवल्यावर भांड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. हे सोडून जायला मी काही खुळी नाही. पण ह्यांचा चेहरा अगदी उतरला होता आणि त्याची मला खरोखर भीती वाटत होती.

ह्यांनी उभा जन्म सहलीची बस चालवली, स्वतःची. शेजारच्या सीटवर मी. प्रवाशांच्या ओकाऱ्या, रुसवेफुगवे आणि हरवलेल्या चपला हे माझं खातं. आमच्या बसमध्ये नियम एकच, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. जांभई दिली की मुकाट्याने मागे जायचं. माझ्या वडिलांनाही ह्यांनी एकदा मागे पाठवलं होतं, लग्नानंतर पहिल्याच सहलीत.

आता जहाजावर हे रोज सगळ्यात वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या काचेपाशी जाऊन बसायचे. समोर नुसतं पाणी. तरी मोठी लाट आली की ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा.

"अहो, कप्तान आहे ना चालवायला!"

"असेल. मला कुठे दिसतोय?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

पुढचं दिसलंच नाही तर काळजी मिटेल, असं ठरवून त्या दिवशी मी ह्यांना मागच्या डेकवर नेलं. चांगली ऐसपैस आरामखुर्ची दिली. पण ड्रायव्हरला मागे बसवणं म्हणजे आगीत तेल. हे सारखे मान वळवून बघायला लागले. शेवटी माझा पारा चढला.

"मला कशी झोप लागते हो? गादीला पाठ टेकली की मी खलास!"

"तेच तर," हे म्हणाले. "तू झोपतेस. मग कुणी जागं नको का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लांबच्या सहलीत डोळे जड झाले की हे बस कडेला घ्यायचे, किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि मागे जाऊन आडवे व्हायचे. मला गाडी चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही. पण किल्ली माझ्याकडे आली की ह्यांना झोप लागायची. आणि इथे मी पहिल्या दिवसापासून खुशाल घोरत पडले होते.

मी हात पुढे केला. "किल्ली."

"कसली?"

"असेल ती."

ह्यांनी खिशातून खोलीचं दार उघडायचं कार्ड काढलं, माझ्याकडे बघितलं आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"वळण आलं की उठव."

"समुद्राला कसलं आलंय वळण? झोपा."

आणि हे झोपले, चक्क घोरायला लागले. मी कार्ड मुठीत घेऊन ताठ बसले. जादूच्या प्रयोगाची घोषणा झाली, मी हलले नाही. ऊन अंगावर आलं, डोळे मिटायला लागले, तेव्हा मांडीला चिमटे काढले. लेक डॉक्टरीणबाईंना घेऊन आली आणि वडिलांना बघून तिचे डोळेच भरून आले.

"तू जा आई, खेळ बघ," ती कुजबुजली. "मी बसते इथे."

"आत्ताच जांभई दिलीस तू. मागे हो."

ऊन उतरल्यावर हे जागे झाले. चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"उद्याच्या बंदरात उतरू या," हे म्हणाले, "आणि हिंडून परत चढू या. लेकीला सांग." मग हात पुढे केला. "आण ती किल्ली. आता तू झोप."

इतक्या वर्षांत ह्यांच्या शेजारी बसून मी कधी डोळा मिटला नव्हता. मी कार्ड दिलं आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून मोठ्ठी जांभई दिली. ह्यांनी मला मागे पाठवलं नाही.