शोकेस हलवली तेव्हा

काशीनाथ पाटकर परळची चाळ सोडून मीरा रोडला शांती नगरात राहायला आले, त्या दिवशी हमालांनी हॉलमधली शोकेस खिडकीला लावून ठेवली. ‘नंतर बघू’ असं तेव्हा ठरलं. त्याला सहा वर्षं झाली. खिडकी गेली ती गेलीच. बाकीचं फर्निचर भिंतीला टेकून होतं आणि माणसं त्यावर दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी बसायची.

काशीनाथ सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांची मुलगी नीलम त्र्याण्णव साली बारावी झाली आणि इंटिरियर डिझाइनची डिग्री करायची म्हणाली. काशीनाथांनी आधी चहा संपवला.

“म्हणजे पडदे?”

“पडदे नाही, बाबा. आतली सगळी रचना.”

“चार वर्षं?”

“चार.”

मुंबईतल्या एका कॉलेजची ड्रॉइंगची परीक्षा ती पास झाली. आता मुलाखत उरली होती. त्यासाठी कॉलेजनं एक काम दिलं होतं : आपल्या घरातल्या एका खोलीत पैसे न खर्चता बदल करा, आठवडाभर त्यात राहा, आणि काय झालं ते नकाशा काढून सांगा.

नीलमनं शेजारच्या हंसाबेनना हाताशी घेऊन शोकेस ढकलली आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी आडवी लावली. दिवाण खिडकीखाली गेला. खुर्च्या भिंती सोडून दोन-दोन अशा तिरक्या बसल्या. हंसाबेन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अच्छा लगता है. लेकिन तेरे पप्पा को बताया?”

पप्पांना संध्याकाळी गुडघ्यानं कळलं. दार उघडून दोन पावलं टाकली आणि शोकेसचा कोपरा लागला. आई, म्हणजे उर्मिलाबाई, वेगळ्याच कारणानं नाराज होत्या. आता पोळ्या लाटताना टीव्ही दिसत नव्हता.

त्यातच रविवारी नीलमला बघायला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. दहिसरचे दत्ताराम म्हात्रे, त्यांची बायको मनोरमा आणि मुलगा यतीन. मुलगा बँकेत.

“पाहुण्यांच्या आधी सगळं जागच्या जागी कर,” काशीनाथ म्हणाले.

“आठवडा पुरा व्हायला पाहिजे, बाबा. तसा नियम आहे.”

“लेखी?”

“लेखी.”

काशीनाथांनी तीस वर्षांच्या नोकरीत लेखी नियम मोडला नव्हता. शोकेस राहिली.

रविवारी नीलम पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर उभं कुठं राहायचं तेच कळेना. अशा वेळी मुलगी मधोमध उभी राहते आणि सगळे तिच्याकडे बघतात. या हॉलला मधोमध असं काही उरलंच नव्हतं. दत्ताराम दिवाणावर बसून खिडकीतून मिठागरं बघत होते. ते मूळचे पेणकडचे. “आमच्याकडं अशीच होती,” असं म्हणून त्यांनी काशीनाथांना मीठ कसं पिकतं ते सांगायला घेतलं, ते थांबेनात. मनोरमाबाईंना शोकेसमुळं आतलं दिसेना, म्हणून त्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि उर्मिलाबाईंसमोर पाट घेऊन बसल्या. उरलेल्या दोन खुर्च्यांवर यतीन आणि नीलम.

“बरं आहे इथं,” यतीन म्हणाला. “बाकी सगळीकडे मला टीव्हीसमोर बसवतात. तो चालूच असतो.”

“बंद करत नाहीत?”

“आवाज बंद करतात.”

नीलमला तो आवडला. हीच अडचण होती. तिची उंची कुणी विचारली नाही, स्वयंपाक येतो का तेही विचारलं नाही. पाहुणे पिठलं-भात जेवूनच निघाले आणि जिन्यात मनोरमाबाई म्हणाल्या, “आमची पसंती आहे. दिवाळीनंतर उरकून टाकू. शिक्षण काय, झालंच की.”

दार लागल्यावर काशीनाथांनी विचारलं, “मुलगा वाईट आहे?”

“नाही.”

“मग?”

“मला शिकायचंय, बाबा.” एवढं बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला राग आला.

काशीनाथांनी कचेरीत देतात तसा निर्णय दिला. “प्रवेश मिळाला तर मी त्यांना नाही सांगतो. नाही मिळाला तर हो. मधलं काही नाही.”

गुरुवारी मुलाखत होती. टेबलापलीकडं दोन मॅडम आणि एक पिकल्या मिशांचे आर्किटेक्ट सर. सरांनी नकाशा हातात धरला. “मग? आठवड्यात काय झालं?”

नीलमनं सगळं सांगितलं. मिठागरं, पाट, दिवाळी.

“म्हणजे तुमच्या रचनेमुळं लग्न जमलं,” सर म्हणाले.

“जमत आलंय. इथं प्रवेश मिळाला तर मोडेल.”

एक मॅडम पुढं झुकल्या. “हे आम्हाला भीती घालणं झालं.”

“तुम्ही काय झालं ते विचारलंत, मॅडम.”

सर हसले नाहीत. “रचना चांगली झाली असं वाटतं?”

नीलमनं नकाशाकडं पाहिलं. घरातून निघताना तिनं याचं उत्तर पाठ केलं होतं. ते आता तिला खोटं वाटलं.

“नाही, सर. बसायला चांगली आहे. पण बाबांना आत येताना रोज गुडघ्याला लागतं. शोकेस वीतभर मागे घ्यायला हवी होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

“मग घेतली का नाही?”

“कागदावर तिथंच छान दिसत होती.”

सरांनी नकाशा खाली ठेवला. “घरी गेल्यावर मागे घ्या,” म्हणाले, आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

सोमवारी कॉलेजच्या फळ्यावर नाव लागलं. काशीनाथांनी ते स्वतः जाऊन वाचलं आणि तसेच दहिसरला गेले. परत आले तेव्हा उर्मिलाबाई दारातच उभ्या होत्या.

“अहो, काय म्हणाले?”

“बाई चिडल्या. मुलगा म्हणाला, शिकू दे.” काशीनाथांनी चप्पल काढली. “दत्ताराम म्हणाले, मग आम्ही यायचं की नाही? मी या म्हणालो. दुसरं काय म्हणणार?”

दत्ताराम आलेही, दोन-तीनदा. यतीनचं पुढच्या वर्षी वसईच्या मुलीशी लग्न झालं. पाटकर तिघंही जेवून आले. नीलमला पंगतीत जरा वाईट वाटलं. मग जिलबी आली.

पण ते पुढचं. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा काशीनाथांनी विचारलं, “काय शिकवलं?”

“रेघ मारायला. पट्टी न घेता.”

“आणि?”

“आणि रेघच. सगळा आठवडा.”

काशीनाथांनी मान डोलावली. हे त्यांना ओळखीचं वाटलं. “शिस्त आहे,” ते म्हणाले, आणि पेपर उघडला.